जुन्या युनिक्स सर्व्हरला टेप ड्राइव्ह जोडताना

गोव्यात डिचोलीतल्या एका पतसंस्थेत, मागच्या खोलीत फायलींच्या कपाटाला लागून, एक जुना सर्व्हर अजून चालू आहे. त्यावर एससीओ ओपनसर्व्हर ५ ही जुनी युनिक्स प्रणाली आहे, आणि जुन्या ठेवी, कर्जं, शेअर्स असं सगळं त्यातच आहे. रोजचं काम केव्हाच नव्या प्रणालीवर गेलं. पण एखाद्या मयत सभासदाचा मुलगा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची ठेव पावती घेऊन काउंटरवर उभा राहिला की सगळ्यांची पावलं त्या खोलीकडे वळतात. अशी यंत्रं फोंड्यात आहेत, म्हापशात आहेत, खाणीच्या धंद्यातल्या जुन्या कार्यालयांतही मी पाहिली आहेत. ती सांभाळायला आता जी मुलं येतात ती हुशार आहेत, पण टेप ड्राइव्ह, म्हणजे माहितीची राखीव प्रत (बॅकअप) टेपवर ठेवणारं यंत्र, त्यांनी कधी हातात धरलेला नसतो. हा लेख त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ड्राइव्ह आज तुम्ही बसवाल, पण त्यातली टेप कधीतरी दुसराच कुणी वाचणार आहे. तो घाईत असेल, आणि बहुधा हे यंत्र तेव्हा बंद पडलेलं असेल. जंपर (पिनांची जोडी जोडणारी छोटी टोपी) लावताना, ब्लॉक (टेपवरच्या तुकड्याचं माप) ठरवताना, कमांड लिहिताना त्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवा.

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे, फोनवरून सांगतो तशा. कळफलकावर त्या इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत टाइप करायच्या. युनिक्सला लहान-मोठं अक्षर वेगळं असतं. टेपच्या नावातला ‘एस’ मात्र मोठा, हे आत्ताच मनाशी पक्कं करा. नवीन माणूस पहिल्यांदा तिथेच अडतो.

ड्राइव्ह कोणता, टेप कोणती

तुमच्या हातात बहुतेक वेळा ४ मिलिमीटरचा डॅट ड्राइव्ह येईल, म्हणजे डीडीएस. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट. त्याहून जुन्या यंत्रात पाव इंची क्यूआयसी कार्ट्रिज असते, खाली धातूची पट्टी असलेली, हाताला जड. डीडीएसच्या पिढ्या ओळखायला सोपं साधन म्हणजे टेपची लांबी, ती कॅसेटवरच छापलेली असते. ९० मीटर म्हणजे डीडीएस-१, त्यात २ जीबी मावतात. १२० मीटर म्हणजे डीडीएस-२, ४ जीबी. १२५ मीटर म्हणजे डीडीएस-३, १२ जीबी. १५० मीटर म्हणजे डीडीएस-४, २० जीबी. खोक्यावर याच्या दुप्पट आकडा मोठ्या अक्षरांत असतो. तो माहिती निम्म्यावर दाबली जाईल असं धरून छापलेला असतो. तुम्ही लहान आकडाच धरा.

नवा ड्राइव्ह जुनी टेप वाचतो, जुना ड्राइव्ह नवी टेप वाचत नाही. म्हणून संस्थेच्या कपाटात जुन्या टेपा कोणत्या लांबीच्या आहेत ते आधी बघा आणि मगच ड्राइव्ह शोधायला निघा. दुकानात जो मिळाला तो उचलून आणायची ही वस्तू नाही. १२० मीटरच्या टेपांनी कपाट भरलेलं असेल तर मी डीडीएस-३ पसंत करतो: जुन्या टेपा वाचतो, लिहितोही, आणि सेकंदाला साधारण १ मेगाबाइट या वेगाने अशा यंत्राचं सगळं काम तासा-दोन तासांत आटोपतं.

स्कझीची साखळी

हे ड्राइव्ह स्कझी केबलवर बसतात. एकाच केबलवर हार्ड डिस्क, सीडी रॉम, टेप असे सगळे एका रांगेत असतात, आणि रांगेतल्या प्रत्येकाला स्वतःचा आयडी लागतो. ५० पिनांच्या जुन्या केबलवर ० ते ७ असे आठ आयडी मिळतात. ७ हा सर्व्हरमधल्या स्कझी कार्डाचा स्वतःचा. ० आणि १ डिस्कला जातात. एससीओमध्ये टेपला २ आणि सीडीला ५ द्यायची पद्धत आहे, आणि काही अडचण नसेल तर तीच ठेवा. पुढे येणारा माणूस टेप आधी २ वरच शोधणार.

आयडी लावायला ड्राइव्हच्या पाठीमागे तीन जोड्या पिना असतात. त्यांच्या किमती १, २ आणि ४. ज्या जोडीवर जंपर घातला तिची किंमत मोजायची, बेरीज म्हणजे आयडी. २ हवा असेल तर फक्त मधल्या जोडीवर जंपर. ५ हवा असेल तर १ आणि ४ वर. कोणती बाजू १ ची हे प्रत्येक ड्राइव्हला वेगळं असतं, म्हणून वरचं लेबल वाचल्याशिवाय अंदाजाने घालू नका. जंपर तांदळाच्या दाण्याएवढा असतो, हातातून निसटला तर सर्व्हरच्या पोटात जातो. मी खाली पांढरा रुमाल पसरतो आणि यंत्र आडवं करूनच काम करतो.

आता टर्मिनेटर, म्हणजे टोकाला संकेत शोषून घेणारे रोधक. साखळीच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, टर्मिनेशन हवं. ते नसेल तर विद्युत संकेत टोकावरून आपटून परत येतात आणि चालू माहितीत मिसळतात. मधल्या ड्राइव्हला टर्मिनेशन चालू राहिलं तरी तोच घोटाळा. यात फसवं असं की यंत्र सुरू होतं, टेप दिसते, छोटी फाइल लिहिलीही जाते. आणि ८०० एमबी गेल्यावर कुठेतरी लेखन फसतं. म्हणून नवा ड्राइव्ह केबलच्या शेवटी लावलात तर आधी जो शेवटी होता त्याचं टर्मिनेशन काढायला विसरू नका. काही जुन्या ड्राइव्हवर ते जंपरने बंद होत नाही. पाठीमागे पिवळसर किंवा काळ्या रंगाच्या रोधकांच्या तीन पट्ट्या खोचलेल्या असतात, त्या उपसून काढाव्या लागतात. काढलेल्या पट्ट्या पाकिटात घालून पाकीट यंत्राच्या आतच चिकटवा, पुढे लागतात.

केबलची लाल कड पिन १ कडे. साध्या स्कझीची केबल सगळी मिळून ६ मीटरपेक्षा लांब नको, फास्ट स्कझीला ३ मीटर. बाहेरच्या डब्यातला ड्राइव्ह असेल तर आधी डबा चालू करायचा, मग सर्व्हर. उलट केलं तर सर्व्हर सुरू होताना टेप दिसतच नाही.

जोडून झालं की ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत जाण्याआधीच तपासा. अ‍ॅडाप्टेक २९४० सारखं कार्ड असेल तर सुरुवातीला त्याचं नाव पडद्यावर येतं. त्याच वेळी कंट्रोल आणि ए दाबलं की कार्डाचा स्वतःचा मेनू उघडतो. त्यात कोणत्या आयडीवर काय आहे ते दिसतं. टेप तिथे दिसली नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही, युनिक्सलाही ती दिसणार नाही. एकच टेप सगळ्या आयडींवर दिसली तर तिचा आयडी आणि कार्डाचा आयडी एकच झाला आहे, म्हणजे तिन्ही जंपर लागलेले आहेत.

कर्नेलला टेपची ओळख

आजकालच्या लिनक्सला सवयलेल्या मुलांना इथे नवल वाटतं. ओपनसर्व्हर १९९५ साली आलं. ड्राइव्ह लावला की ओळखला, असं त्यात नाही. कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नव्याने जोडून घ्यावा लागतो. काम सोपं आहे, पण चालत्या यंत्राच्या काळजाला हात घालण्याचं आहे. सगळ्यांना टर्मिनलवरून उठवा, हू कमांड देऊन कुणी राहिलं नाही ना ते बघा, रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून आत या. डीएफ वजा व्ही देऊन रूट फाइल सिस्टिमवर जागा आहे ना ते पाहा. मग /ईटीसी/कॉन्फ/सीएफ.डी या डिरेक्टरीतली एमस्कझी नावाची फाइल दुसऱ्या नावाने कॉपी करून ठेवा. कोणता स्कझी ड्राइव्ह कुठे आहे ते तीत ओळीओळीने लिहिलेलं असतं.

मग ही कमांड:

एमकेडेव्ह टेप

मेनू येईल. ड्राइव्ह बसवायचा आहे हे निवडा, प्रकार स्कझी निवडा. मग एकेक प्रश्न येतात: कोणतं कार्ड, कितवं कार्ड, कोणती बस, आयडी किती, एलयूएन (आयडीखालचा उपक्रमांक) किती. एकच कार्ड असेल तर त्याचा क्रमांक ०, बसही ०. आयडी आपण दिला तो, २. एलयूएन ०. अ‍ॅडाप्टेक २९४० चा ड्रायव्हर ‘अलॅड’ या नावाने दिसेल. उत्तरं देताना शेजारी वहीत लिहीत चला.

शेवटी तो विचारेल, नवा कर्नेल आत्ताच तयार करू का? हो म्हणा. काही मिनिटं लागतात, जुन्या यंत्रात जरा जास्तच. मध्ये काही हलत नाही म्हणून घाबरून कळ दाबू नका. मग विचारेल, यापुढे हाच कर्नेल वापरू का? हो. कर्नेलचं वातावरण नव्याने रचू का? त्यालाही हो. जुना कर्नेल युनिक्स.ओल्ड या नावाने बाजूला राहतो, आणि हीच तुमची परतीची वाट. नव्या कर्नेलने यंत्र उठलं नाही तर बूट असं आल्यावर युनिक्स.ओल्ड टाइप करा, कालचं यंत्र परत मिळेल.

यंत्र पुन्हा सुरू करा आणि सुरुवातीच्या ओळी डोळ्यांत तेल घालून वाचा. टक्क्याचं चिन्ह आणि टेप असं सुरू होणारी ओळ यायला हवी, तिच्यात टाइप एस, एचए ०, आयडी २, एलयूएन ० असं दिसेल. ओळ निसटली तर एचडब्ल्यूकॉन्फिग ही कमांड देऊन पुन्हा बघता येते.

पहिली टेप आत

टेपच्या मागच्या कडेला सरकणारी छोटी पट्टी असते. भोक उघडं दिसत असेल तर त्या टेपवर लिहिता येत नाही, जुन्या फ्लॉपीसारखंच. नवी टेप घाला. ड्राइव्ह ती स्वतः ओढून घेतो, घुर्र आवाज येतो, मग बारीक शिट्टीसारखा सूर लागतो, तो फिरत्या ड्रमचा. दिवा स्थिर हिरवा होईपर्यंत थांबा. अर्धा मिनिट सहज लागतं.

एकाच ड्राइव्हची तीन नावं असतात, आणि ही तिन्ही समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. /डेव्ह/आरएसटीपी० म्हणजे काम झाल्यावर टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळणारा. /डेव्ह/एनआरएसटीपी० म्हणजे न गुंडाळणारा. एका टेपवर एकामागून एक बॅकअप ठेवायचे असतील तर हा. आणि /डेव्ह/एक्सएसटीपी० हा फक्त हुकूम देण्यासाठी, त्यावर माहिती जात नाही. पहिला हुकूम स्थिती विचारण्याचा:

टेप स्टेटस /डेव्ह/एक्सएसटीपी०

उत्तर सरळ आलं की टार या फाइली एकत्र बांधून टेपवर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने छोटी चाचणी घ्या. /ईटीसी मध्ये जाऊन टार सीव्हीएफ /डेव्ह/आरएसटीपी० आणि शेवटी एक ठिपका. मग टार टीव्हीएफ ने तीच टेप वाचा. यादी आली का? छान. पण एवढ्यावर ‘झालं’ म्हणून घरी जाऊ नका. १ जीबीच्या पुढे जाणारी मोठी चाचणी घ्या, टर्मिनेशनचा दोष असेल तर तो तिथेच उघडा पडतो.

ब्लॉकचा घोळ

टेपवर माहिती ठरावीक मापाच्या तुकड्यांत लिहिली जाते. ड्राइव्हला एकच ठरलेलं माप सांगता येतं, किंवा ‘प्रोग्रॅम देईल ते माप घे’ असं मोकळं सोडता येतं. टार नेहमी ५१२ बाइटचे २० तुकडे एकत्र करून १०,२४० बाइटचा गठ्ठा देतो. सीपीआयओ या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमला मोठं बी लावलं तर ५,१२० चा. एका मापाने लिहिलेली टेप दुसरं माप ठरवलेल्या ड्राइव्हवर वाचली जात नाही, आणि लोक म्हणतात टेप खराब झाली. टेप खराब झालेली नसते. मी अशा ‘खराब’ टेपा कचऱ्याच्या खोक्यातून काढून वाचल्या आहेत.

माप बघायला:

टेप गेटबीएलके /डेव्ह/एक्सएसटीपी०

मोकळं सोडायला:

टेप -ए ० सेटबीएलके /डेव्ह/एक्सएसटीपी०

माझा आग्रह मोकळं सोडण्याचा आहे, म्हणजे शून्य. एक कारण तर हे की त्यामुळे अनोळखी टेपचं माप शोधता येतं. डीडी कमांडला ६४ के ब्लॉक सांगून टेपवरून एकच ब्लॉक एका फाइलमध्ये उतरवायचा आणि त्या फाइलचा आकार बघायचा. १०,२४० आला तर टार असण्याची शक्यता मोठी, ५,१२० आला तर सीपीआयओ. मग फाइलची सुरुवात उघडून पाहिली की खात्री पटते.

टार की सीपीआयओ, आणि तो पहिला स्लॅश

दोन्ही चालतात. रोजच्या माहितीसाठी मी टार वापरतो, कारण जगातल्या जवळजवळ कोणत्याही यंत्रावर तो उघडतो. पूर्ण यंत्र उचलायचं असेल तर सीपीआयओ, कारण जुना टार डिव्हाइस फाइली नीट घेत नाही. सीपीआयओ असा चालतो: आधी सीडी कमांडने योग्य जागी जायचं, फाइंड ठिपका वजा डेप्थ वजा प्रिंट, मग उभी रेघ, मग सीपीआयओ वजा ओसीव्ही आणि मोठा बी, आणि बाणाने /डेव्ह/आरएसटीपी० कडे. त्यातलं लहान सी विसरू नका. त्याने शीर्षकं साध्या अक्षरांत लिहिली जातात आणि दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावरही वाचता येतात.

पण दोघांनाही लागू असणारी खरी काळजीची गोष्ट म्हणजे नावाच्या सुरुवातीचा स्लॅश. एका संस्थेत माझ्याआधी कुणीतरी रात्रीचा बॅकअप ‘टार सीव्हीएफ, टेप, /यू/डेटा’ असा लावून दिला होता. वर्षभर सुरळीत चाललं. एके दिवशी एका खात्याची शुक्रवारची फाइल बघायची म्हणून तिथल्या क्लार्कने टेप घातली आणि टार एक्सव्हीएफ दिलं. तो /टीएमपी मध्ये उभा होता, त्याला वाटलं फाइली तिथेच उतरतील. पण टेपवर प्रत्येक नाव मुळापासून लिहिलेलं होतं. टारने शुक्रवारची माहिती सरळ चालू माहितीवर उतरवली, सोमवार-मंगळवारची सगळी नोंद गेली. व्हाउचर काढून दोन दिवस ती पुन्हा भरली. त्या क्लार्कची काहीच चूक नव्हती, त्याने वाचायला सांगितलं होतं, एवढंच.

म्हणून नियम असा: आधी सीडी /यू/डेटा, मग टार सीव्हीएफ /डेव्ह/आरएसटीपी० आणि ठिपका. ठिपक्याने सुरू होणारी नावं जिथे उभे असाल तिथे उतरतात. जुनी स्लॅशवाली टेप हाती आली तर एससीओच्या टारला मोठा ए द्या, तो वाचताना सुरुवातीचा स्लॅश काढून टाकतो. नेहमीचा लिनक्समधला टार हे आपणहून करतो, म्हणून नव्या मुलांना हा धोका माहीत नसतो.

रात्रीचं काम

बॅकअप क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या यंत्रणेत, लावायचा. क्रॉनटॅब वजा एल ने आधीची यादी फाइलमध्ये काढा, शेवटी आपली ओळ जोडा, मग क्रॉनटॅबला ती फाइल द्या. वेळ अशी निवडा की डे-एंड उरकलेला असेल आणि डेटाबेस कुणी उघडून बसलेलं नसेल. उघड्या फाइलची प्रत बिनकामाची. स्क्रिप्टमध्ये तीन गोष्टी हव्यात: टारने काय परत कळवलं ते तपासणं, लगेच टेप पुन्हा वाचून यादी फाइलमध्ये ठेवणं, आणि सकाळी मॅनेजरना दिसेल असा एका ओळीचा निरोप छापणं. एका संस्थेत तो निरोप डॉट मॅट्रिक्सवर निघतो आणि मॅनेजरबाई तो रोज रजिस्टरला चिकटवून सही करतात. यापेक्षा चांगली पद्धत मी पाहिलेली नाही.

टेपा किमान सहा. सोमवार ते गुरुवार एकेक, शुक्रवारच्या दोन आलटून-पालटून. महिनाअखेरची वेगळी, ती पुन्हा वापरायची नाही. आणि एक तरी टेप दुसऱ्या इमारतीत असू द्या.

ड्राइव्हचा आवाज ओळखायला शिका. माहिती सलग मिळत असेल तर टेप एका लयीत चालते. सर्व्हर मागे पडला तर ती थांबते, थोडी मागे जाते, पुन्हा धावते. असा खर्र-टक-खर्र आवाज तासभर चालला तर टेप आणि हेड दोन्ही झिजतात. रात्री त्याच वेळी दुसरं जड काम लागलेलं असतं का ते पाहा.

पावसाळ्याआधीचं पुरुमेंत

बाहेरच्या पुस्तकांत हा भाग नसतो, आणि आपल्याकडे हाच सगळ्यांत महत्त्वाचा. डीडीएस ड्राइव्ह साधारण २० ते ८० टक्के आर्द्रतेत चालायला बनवलेले असतात. जुलैत गोव्याची हवा ९० टक्क्यांपर्यंत सहज जाते. एसी चालू असताना खोली कोरडी असते, पण वीज कधी जाते हे आपल्या हातात नाही.

डिचोलीच्या त्याच सर्व्हरवर माझ्याकडून झालेली चूक सांगतो. चवथीच्या आदल्या आठवड्यात रात्रभर वीज गेली होती. सकाळी मी पोचलो तेव्हा वीज नुकतीच आली होती, एसी बंद होता, खोली कोंदट म्हणून शिपायाने खिडकी उघडली होती. यूपीएसवर तग धरून सर्व्हर पहाटे बंद पडला होता. मी आलो तो सर्व्हर चालू केला, एसी लावला, अर्ध्या तासाने खोली गार झाली, आणि मी परत खिडकी उघडून बाहेरचं जनरेटर बघायला गेलो. ओली हवा गार धातूवर आली. परत येऊन टेप घातली, बॅकअप सुरू केला. दोन मिनिटांत नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. टेप ड्रमला चिकटली होती. ड्राइव्ह उघडून चिमट्याने सोडवली तेव्हा तिच्यावर हातभर चुण्या पडल्या होत्या. ती गुरुवारची टेप होती म्हणून निभावलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. वीज जाऊन आली की आधी खिडक्या-दारं बंद, एसी चालू, ड्राइव्ह रिकामा पण चालू ठेवायचा. किमान दोन-तीन तास टेप घालायची नाही. चालू ड्राइव्ह आतून थोडा उबदार राहतो आणि ओल सुकते. टेप दुसऱ्या ठिकाणाहून आणली असेल तर ती डब्यासकट त्याच खोलीत एक दिवस राहू द्या.

मे महिन्यात घरोघरी पुरुमेंताची खरेदी होते, सुकं मासळी, मिरच्या, कोकम भरून ठेवतात, त्याच सुमारास मी संस्थांकडून ही यादी भरून घेतो: हवाबंद झाकणाचे डबे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एक नवी क्लीनिंग टेप, तीन-चार चांगल्या टेपा. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची. टेपच्या खिडकीतून आत बघा. कडेवर पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी टेप ड्राइव्हमध्ये घातलीत तर बुरशी ड्रमला लागते आणि पुढच्या प्रत्येक टेपला जाते. वेगळी ठेवा, तिच्यात एकमेव प्रत असेल तर आधी कुणा जाणत्याला दाखवा.

क्लीनिंग टेप साधारण २५ तासांच्या वापराला एकदा फिरवायची, पावसाळ्यात मी दर आठवड्याला फिरवतो. ती काही ठरावीक वेळाच चालते, बहुतेकींवर ५० चा आकडा असतो. म्हणून प्रत्येक वेळी तिच्या लेबलवर एक रेघ मारा. कापसाच्या बोळ्याने ड्रम पुसायला जाऊ नका, धागा अडकतो.

दुसऱ्या युनिक्सवर

तत्त्व तेच, नावं वेगळी. सोलारिसवर टेपचा आयडी बहुधा ४ असतो. ओके प्रॉम्प्टवर प्रोब-स्कझी देऊन बघायचं, बूट वजा आर ने यंत्र उठवायचं, टेप /डेव्ह/आरएमटी/० वर मिळते आणि हुकूम एमटी कमांडने द्यायचे. एचपी-यूएक्सवर आयओस्कॅनने दिसते, नाव /डेव्ह/आरएमटी/०एम. एआयएक्सवर सीएफजीएमजीआर चालवलं की ती स्वतः शोधते, नाव /डेव्ह/आरएमटी०, आणि पूर्ण यंत्राच्या बॅकअपसाठी एमकेसिसबी आहे. कर्नेल जोडण्याचा खटाटोप यांच्यात नाही.

फ्लॉपी आणि उलटा प्रवास

हार्ड डिस्क गेली तर टेपवरची माहिती वाचायला आधी यंत्र उठायला हवं. एससीओवर त्यासाठी एमकेडेव्ह एफडी ने बूट आणि रूट फ्लॉपी करून ठेवतात. टेप ड्राइव्ह बसवल्यानंतर त्या पुन्हा करा, कारण जुन्या फ्लॉपीतल्या कर्नेलला टेपची ओळखच नाही. हे राहून जातं, आणि ते कळतं अगदी नको त्या दिवशी. फ्लॉपी दोन जोड्या करा, पावसाळ्यात त्याही सडतात.

मग दर तीन महिन्यांनी उलटा प्रवास करून बघा. /टीएमपी मध्ये डिरेक्टरी करा, तिच्यात जाऊन टेपवरून काही फाइली उतरवा, आणि सम कमांडने मूळ फाइलींशी ताडून बघा. हे काम स्वतः करू नका. संस्थेतल्या माणसाला करायला लावा आणि तुम्ही शेजारी हात बांधून उभे राहा. तो जिथे अडेल तिथे तुमच्या नोंदीत काहीतरी राहिलं आहे.

त्या नोंदी एका कागदावर, मराठीत, टाइप करून नाही तर सुवाच्य हाताने: ड्राइव्हची बनावट आणि आयडी, टर्मिनेशन कुठे आहे, कार्डाचा ड्रायव्हर, ब्लॉक किती, बॅकअपची अचूक कमांड अक्षर न अक्षर इंग्रजी लिपीत, वाचण्याची कमांड, कुठे उभं राहून वाचायचं, फ्लॉपी कुठे आहेत, दुसऱ्या इमारतीतली टेप कुणाकडे आहे, जुन्या टेपांपैकी कोणत्या स्लॅशवाल्या आहेत. खाली तारीख. टेपच्या लेबलवरही नुसतं ‘शुक्रवार’ नको. यंत्राचं नाव, टार की सीपीआयओ, आणि पहिल्यांदा वापरल्याचा महिना-वर्ष लिहा. शाईचं पेन ओलीत पसरतं, बॉलपेन वापरा. कागद सेलोटेपने चिकटवला तर जूनमध्ये सुटून कपाटामागे पडतो; प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून सुतळीने बांधा.